त्या माणसाचा चेहरा
पेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा वास आला की मला भिवंडीतलं ते पोलीस ठाणं आठवतं. मी तेव्हा निजामपुऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. राहनाळच्या एका बाईची लहान मुलगी बाजारातून कुणीतरी रिक्षात घालून पळवली होती. त्या माणसाला ओझरतं का होईना, फक्त त्या बाईनेच पाहिलं होतं, म्हणून ठाण्यातल्या साहेबांनी चित्र काढायला मला बोलावलं. बाहेर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट चालला होता आणि ती डोळे मिटून सांगत होती, “नाक बसकं हाय. न्हाय, एवढं न्हाय.” मी खोडायचो, पुन्हा काढायचो. भुवया, ओठ, हनुवटी करत दुपार सरली. शेवटी कागदाकडे बघत ती म्हणाली, “असाच असंल.” पुढे संशयावरून धरलेली काही माणसं तिला दाखवली, तेव्हा मीही तिथे होतो. ती एकेकाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मास्तर, आता डोलं मिटलं की तुमचं चित्रच दिसतं. तो मानूस दिसतच न्हाय.” मुलगी सापडली नाही. आज ती कुठे असलीच तर चांगली मोठी झाली असेल. तिला आईचा चेहरा आठवत असेल, असं मला वाटत नाही.