मेलेली बहीण भेटायला आली

ताईचं केस कापायचं दुकान होतं. कात्रीबरोबर तिची जीभही चालायची, गिऱ्हाईक हसून बेजार व्हायचं. पण धाकट्या भावाचं डोकं फिरलं आणि त्याने त्याच कात्रीने तिच्या खांद्यावर वार केला. तेव्हापासून आरशात मागे कुणी दिसलं तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. भावाला कोर्टाने बंदोबस्तातल्या मनोरुग्णालयात पाठवलं. वर्ष उलटलं तरी ताईने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

एके दिवशी तिथल्या नर्सचा फोन आला. "तो जेवत नाही. तुम्ही मेलात असंच धरून बसलाय. आमचं ऐकत नाही."

ताई जीव मुठीत धरून गेली. फाटकावर किल्ल्या, फोन, केसांच्या पिनासुद्धा काढून घेतल्या. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नव्हतं.

"मध्येच अडकलो तर?" ताईने आत न्यायला आलेल्या नर्सला विचारलं.

"मी आहे की सोबतीला," नर्स म्हणाली. ताईला काही हसू फुटलं नाही.

भेटीच्या खोलीत टेबल-खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. दोन सेवक भावाला घेऊन आले. औषधांनी सुजलेला चेहरा, थरथरते हात. ताई दोन पावलं मागे सरकली. पण तिला पाहताच तोच किंचाळला, "हिला बाहेर काढा! ही मेलीय!" आणि पाठ भिंतीला घासत कोपऱ्यात जाऊन बसला.

ताईची नजर दाराकडे गेली. पळावं? पण तिच्या तोंडून निघालं, "अरे गाढवा, मेलेली बाई दोन बस बदलून येते होय?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खांदा दाखव."

तिने टेबलापलीकडूनच कुर्त्याचा गळा खांद्यावरून जरा सरकवला. व्रण बघून तो हमसून रडू लागला.

"दुखतं?"

"थंडीत दुखतं."

"मीच केलं ना?"

"तूच केलंस."

"परत येशील?"

"येईन. पण मला तुझी भीती वाटते रे."

त्याने मान हलवली आणि सेवकाला म्हणाला, "तुम्ही माझ्या शेजारी बसा. मग तिला बरं वाटेल."

त्या संध्याकाळी तो जेवला. ताई आता दर महिन्याला जाते. दाराजवळचीच खुर्ची धरते. भेटीच्या आदल्या रात्री तिला अजूनही झोप लागत नाही.