गुरुजींची खुर्ची

आमच्या गुरुजींचा कायदाच होता: ज्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येणार नाही, त्यानं खुर्चीत बसायचं आणि त्यांनी खाली आमच्या टाटपट्टीवर. मी मोठी शहाणी! सगळी उत्तरं तोंडपाठ, पण प्रश्न एकही पडत नसे, म्हणून वर्षभर खुर्ची काही मिळाली नाही.

आर्वीहून साहेब शाळा तपासायला आले, त्या खुर्चीत बसले. टकळीवर सूत काढता काढता मी एकदम ओरडले, “गुरुजी, सरकी कापसातून निघते, तर पयली सरकी कुठून आली?”

गुरुजींनी टाळीच वाजवली. “मले नाई मालूम! साहेब, तुमाले?”

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

“मंग उठा जी. पोरीले बसू द्या.”

आता गुरुजींची नोकरी जाणार!

साहेब उठले, टाटपट्टीवर बसले. मी खुर्चीत, पाय अधांतरी, तोरा तहसीलदाराचा. तेवढ्यात खालून साहेबांनीच प्रश्न विचारायला बोट वर केलं.