दादांची गैरहजेरी

परवा शुक्रवारी, वाचनालय बंद करायच्या वेळी, वारलेल्या माणसाचा आवाज ऐकला. तो म्हणाला, "एक जण गैरहजर आहे. शोधा."

नीट सांगते. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं वाचनालय आहे. दिवसा मी सातपूरला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते, संध्याकाळी इथे येते आणि अधूनमधून इथल्याच हॉलमध्ये भाषणं ठोकते... म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

मला बोलायला पहिल्यांदा उभं केलं ते दादांनी. निवृत्त इंजिनिअर आणि स्वतः पट्टीचे वक्ते. इथे बोलून गेलेल्या वक्त्यांची रेकॉर्डिंग त्यांनी जमवली, प्रत्येकाची एक हार्ड डिस्क केली. रोज संध्याकाळी वाचनालयाचा कॉम्प्युटर या डिस्कांची हजेरी घेतो आणि निकाल हॉलच्या स्पीकरवर सांगतो. प्रोग्रॅम दादांनी लिहिलेला, आवाजही दादांचाच.

"सगळे हजर. दिवे घालवा, घरी जा." इतकंच आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो. डिस्क सापडली नाही तर लागणारं दुसरं वाक्यही त्यांनी भरून ठेवलंय, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

दादा गेले... तरी रोज संध्याकाळी आवाज येतच राहिला. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुद्दाम त्या वेळेला येऊन मागच्या खुर्चीत बसायच्या. दिवे घालवा ऐकलं की उठायच्या.

आणि शुक्रवारी ते दुसरं वाक्य लागलं. रिकाम्या हॉलमध्ये, शांत, जरा दटावणीच्या सुरात. माई उभ्याच राहिल्या. ग्रंथपाल सुमनताईंनी चपला काढून हात जोडले... दादांचं काहीतरी राहिलंय म्हणाल्या.

आमचे सेक्रेटरी शरदकाका स्पीकरची वायर उपटायला निघाले. माईंना त्रास नको, आवाज कायमचा बंद करू, असं त्यांचं म्हणणं. मी आडवी गेले. भूतबीत काही नसतं, कारण शोधायचं असतं, हे मी याच हॉलमध्ये गळा फाडून सांगितलेलं आहे.

"मग जा की आत," काका म्हणाले. "भाषण काय, खुर्च्यापण ऐकतात."

गेले. आतली खोली थंडगार. डिस्कांचे बारके निळे दिवे लुकलुकत होते. स्क्रीनवर एकच ओळ... गैरहजर: दादा.

पण त्यांची डिस्क तर समोर होती. वायर घट्ट, दिवा चालू. मी पुन्हा हजेरी घ्यायला लावली. भिंतीपलीकडून तोच आवाज आला, "एक जण गैरहजर आहे. शोधा." स्वतःबद्दलच सांगत होते ते. माझ्या हातावर सरसरून काटा आला... खोटं कशाला बोलू?

खरी भीती त्या ओळीच्या खाली होती. रविवारपर्यंत डिस्क सापडली नाही, तर तिची दुसरीकडे ठेवलेली प्रत आपोआप पुसली जाणार. जागा वाचवायला दादांनीच घातलेला नियम. आणि दादांची मूळ डिस्क तर खराब होत चाललेली, निम्म्या फाइल्स उघडत नाहीत. धड अशी ती प्रतच उरली होती. म्हणजे रविवारी दादांची निम्मी भाषणं कायमची गेली असती... आणि स्पीकरची वायर काढली असती, तर आम्हाला कळलंही नसतं.

मग प्रोग्रॅम वाचायला घेतला. तो सिस्टिमकडून डिस्कांची यादी मागवतो. ओळीत आधी नाव, मग आकार, मग ओळख क्रमांक. प्रोग्रॅम नुसते शब्द मोजायचा... तिसरा शब्द दिसला की तोच क्रमांक. यादीत पाहिलं, तर डिस्कचं नाव होतं 'कै. दादा'.

काका दारात येऊन उभे होते. "दुपारी मीच बदललं. तेरावा झाला, नुसतं दादा कसं ठेवायचं?"

नावाचे दोन शब्द झाले आणि पुढचं सगळं एक घर सरकलं. क्रमांकाच्या जागी प्रोग्रॅमने आकार वाचला. असा कुणी माझ्या माहितीत नाही, म्हणाला... आणि दादांना गैरहजर धरलं.

ऑफिसात मी यावरून रोज भांडते. माणसाच्या डोळ्यांसाठी मांडलेली यादी प्रोग्रॅमला शब्द मोजून वाचायला लावू नका. सिस्टिमकडून उत्तर जेसन नावाच्या मांडणीत मागा, जिथे प्रत्येक माहितीवर तिची चिठ्ठी चिकटवलेली असते... हे नाव, हा आकार, हा क्रमांक. मग नावात कितीही शब्द येऊ देत, काहीही सरकत नाही. अंदाजावर चालणारा प्रोग्रॅम चुकतो तेव्हा ओरडत नाही, मुकाट्याने पुसून टाकतो. आमचं नशीब की हा बोलणारा होता.

दोन ओळी बदलल्या. काका ओशाळून म्हणाले, ते कै. काढून टाकतो.

माई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. "राहू दे हो. गेलेत ते," त्या म्हणाल्या. "फक्त हजर धरा."

मी पुन्हा हजेरी घ्यायला लावली. हॉलमधून आवाज आला. "सगळे हजर. दिवे घालवा, घरी जा."

भूत नसतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण त्या संध्याकाळी दिव्याच्या बटणाकडे आमच्यातलं कुणीच गेलं नाही. शेवटी माईंनीच दिवे घालवले... आणि अंधारात, हळूच, "येते" म्हणाल्या.