पाच टक्के कमी पडलेले भाऊजी

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा झालाय, पण अधू पायाच्या माणसाला नवरदेवासारखं सजवून अपंगत्वाच्या तपासणीला नेणारी बाई अख्ख्या नोएडात मी एकटीच. तो माणूस म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊजी. 'मी बरा आहे' हे त्यांच्याइतकं ठासून सांगणारा दुखणाईत मी दुसरा पाहिला नाही.

मूळचे नागपूरचे. कारखान्यात पायावर यंत्र पडलं, गुडघा कायमचा ताठला, नोकरी गेली. पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही होऊन राहिलं न वहिनी!" बस चुकली, तर म्हणायचे, आपणच जाऊ दिली. एकदा माझ्या माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि "इथं हवा छान लागते" म्हणत अर्धा तास वरच उभे. मीही अशी शहाणी, की चहा वर नेऊन दिला! त्यांना उतरता येत नव्हतं, हे पुष्कळ दिवसांनी कळलं.

तेव्हा नवी सेक्टरं वसत होती. गावी फोन करायला लोक रांगा लावत. आमच्या बाजारातला फोनचा बूथ अपंग माणसाला मिळणार होता, आणि भाऊजींचं घर चालायला दुसरं काहीच नव्हतं. अट एकच, दाखल्यावर निदान चाळीस टक्के अपंगत्व हवं. मोठ्या डॉक्टरांपुढे जायचं म्हणजे नीटनेटकं जावं, हे माझं शहाणपण. शर्टाला कडक इस्त्री केली, बूट चमकवले, काठी काढून घेतली ("म्हातारे दिसता हो!") आणि बजावलं, "ताठ चाला." भाऊजी दात आवळून परेडसारखे चालले. "कोई तकलीफ?" "बिल्कुल नहीं, सर!" दाखल्यावर पस्तीस टक्के आले.

दोन दिवस त्यांचं दार बंद. तिसऱ्या दिवशी मीच कागद घेऊन खाली गेले. फेरतपासणीचा अर्ज ते सांगणार, मी लिहिणार. "लिहा, थोडी अडचण होते."

"थोडी नाही भाऊजी. खरी सांगा."

मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी सांगितलं. जेवायला खाली बसता येत नाही. आंघोळीला बायको लागते. कूस बदलताना कण्हणं मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून उशी चावतो. मी एकेक शब्द तसाच लिहून घेतला.

फेरतपासणीला साधा शर्ट, हातात काठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चलकर दिखाइए।" भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चालले. चार पावलं, पाचव्याला टेबल धरलं. एवढी वर्षं शेजारी राहून हे चालणं मी पाहिलंच नव्हतं. पंचेचाळीस टक्के लिहिले गेले. पुढे बूथही मिळाला.

परतताना रिक्षात मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही पाहिलंच आहे. तर तुमच्याकडे येताना जिन्यात मधेच बसलो, तर चालेल न?"