गाडीवरचा डबा

आमच्या बाईचं घर बल्लारशा स्टेशनाच्या मागे आहे. त्यात तिचा दोष एवढाच, की तिचं लग्न तिथे झालं. लांबच्या बहुतेक गाड्या बल्लारशाला थांबतात आणि आमच्या नात्यातली निम्मी माणसं याच रेल्वेच्या वाटेवर नोकरीला आहेत. कोणी प्रवासाला निघालं, की आधी तिकीट काढायचं आणि मग बाईला फोन करायचा, 'उद्या गाडीवर ये.' गाडीवर ये म्हणजे डबा घेऊन ये. 'घरी येतो' म्हणालेला माणूस मला तरी आठवत नाही.

बाई म्हणजे सत्यशीला, माझी मोठी बहीण. अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी घालायची आणि उरलेल्या वेळात नातेवाइकांना पातोड्यांचा रस्सा. डबा फडक्यात बांधून ती फलाटावर उभी राहायची. आतला माणूस डबा घ्यायचा, 'बरी आहेस ना?' विचारायचा आणि तिचं उत्तर संपायच्या आत गाडी हलायची. तरी बाई खूश. मी चिडायचो, म्हणायचो, "सारे आयत्या बिळावरचे नागोबा आहेत."

"आपली माणसं डोळ्याले दिसतेत ना," ती म्हणायची. "तुले काय समजते, सोमाजी?"

या नागोबांत सगळ्यांत लाडका धम्मदीप. आमची मधली बहीण वारली तेव्हा तिचा हा मुलगा बाईनं पदरात घेतला आणि बारावीपर्यंत सांभाळला. आता तो नागपूरला कंपनीत आहे. कामासाठी वरचेवर हैदराबादला जातो आणि प्रत्येक वेळी त्याला बाईच्या हातची सुक्या झिंग्यांची चटणी लागते.

गेल्या हिवाळ्यात बाई निवृत्त झाली आणि म्हणाली, मला सांचीला जायचं आहे. जन्मभर गाडी बाहेरून पाहिली, एकदा आतून पाहू दे. मी सोबत निघालो. तिनं वाटेवरच्या सगळ्यांना फोन केले. सेवाग्रामला भाची रिना, नागपूरला धम्मदीप, दोघंही 'येतो' म्हणाले. सोबत चार पोळ्या घे, असं मी म्हटलं तर माझ्यावरच डाफरली.

"घरून नेलं त त्यायले वाईट वाटन. वाटेत आपली माणसं आहेत. डबा आणतीन ते."

खिडकीची जागा मिळाली आणि बाई लहान झाली. वरोऱ्याच्या पुढे कापूस फुटलेला दिसला, तर तो मलाही बळेच दाखवला. चहा दोनदा घेतला. समोर चेन्नईहून दिल्लीला निघालेली एक म्हातारी होती. तिला मराठी येत नव्हतं, बाईला तमिळ येत नव्हतं, तरी तासाभरात दोघींची गुडघेदुखी एकमेकींना पाठ झाली. "बसल्या बसल्या गावं मांगं जातेत," बाई मला म्हणाली, "एवढं सुख असते काय रे आत?"

म्हातारीनं चिंचेचा भात काढला आणि पुढे केला. बाईनं हात जोडले. "नही जी, हमारा भाचा आ रहा नागपूर में. डब्बा लेके. तुम भी खाना हमारे साथ."

सेवाग्रामला रिना दिसली नाही. मोबाइलवर गुलाबाचं चित्र आलं, खाली 'शुभ प्रवास'. बाई म्हणाली, लेकराची शाळा असेल.

अजनी मागे पडायच्या आधीच ती उठली, केस नीट केले, आणि दारात जाऊन उभी राहिली. नागपूर आलं. माणसं उतरली, चढली. आमच्या बोगीसमोरचा फलाट मोकळा झाला. मी धम्मदीपला फोन लावत होतो, तो उचलत नव्हता. बाई दांडी धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. गाडी सुटली तरी ती दारातून हलेना, शेवटी मी हात धरून आत आणली.

मग त्याचा फोन आला. "मावशी, आलो होतो ना मी! काय गर्दी! तुमची बोगीच नाई दिसली."

मी फोन हिसकायला गेलो. बाईनं तो दुसऱ्या कानाला लावला. "हो रे बाबा, गर्दीच होती. जेवला काय तू?"

समोरच्या म्हातारीला भाषा कळली नाही, बाकी सगळं कळलं. तिनं न विचारता कागदावर भात वाढला. त्या परक्या म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून बाई सगळा भात जेवली. मला धम्मदीपचा इतका राग आला होता, की मला ते बघवेना.

सांचीला स्तूपापुढे आम्ही वंदन केलं. येताना ती खिडकीशी बसली नाही.

पंधरवड्यानं धम्मदीपचा फोन आला. "मावशी, उद्या हैदराबादले निघून राह्यलो. झिंग्याची चटणी करजो." बाई 'हो' म्हणाली. मला वाटलं, हिचं काही सुधारत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी निघाली. मी मागोमाग गेलो.

गाडी आली. धम्मदीपनं दारातूनच हात पुढे केला. "डबा?"

"डबा नाई आणला," बाई म्हणाली. "मीच आली."

तो हसला. "मस्करी नको करू मावशी, गाडी सुटन."

"त्या दिवशी नागपूरले आला होता काय तू?"

त्यानं सिग्नलकडे पाहिलं. "सांगितलं ना, गर्दी होती." आणि बाईच्या डोक्यावरून वडेवाल्याला हाक मारली. गाडी हलली तेव्हा वडे त्याच्या हातात होते. "काळजी नको करू," तो ओरडला, "माझं भागलं!"

बाई पुलाच्या पायऱ्या चढू लागली. मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "सोमाजी, नागपूरले तू होता ना मांगं? मी दारातच उभी होती ना? दिसत होती ना मी?"

"दिसत होती, बाई," मी म्हणालो. "लांबून दिसत होती."