शिट्टी झाली का?

निजामुद्दीन चाचा चहा बशीत ओतून प्यायचे. चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, मग तो जास्तच मळायचा. फोटो काढताना स्वतःच श्वास रोखून धरायचे. एका माणसाचा एकच फोटो काढायचे. दुसरा मागितला की म्हणायचे, "का? पहिल्यात तू नव्हतास?"

छावणीत आमच्या शेजारी त्यांच्या दोन खोल्या. बाहेर स्टुडिओ, आत संसार. मी मराठीत एम.ए. करून नोकरी शोधत होते. दुपारी त्यांच्याकडं रोलचा कॅमेरा शिकायला बसायचे.

कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर आत लाल दिवा लुकलुकला, तर उजेड कमी. "लाल म्हणजे सबूर, रूपा. बोट मागं घे." मग फ्लॅश लावायचा. फ्लॅश भरताना शिट्टीसारखा आवाज येतो. तो बारीक होत होत विरला की बटण दाबायचं. अलीकडं चाचांना ती शिट्टी ऐकूच यायची नाही. समोर असेल त्याला ते विचारायचे, "शिट्टी झाली का?"

त्यांचा स्वतःचा धड फोटो नव्हता.

"आधार कार्डावर आहे ना," ते म्हणायचे.

"वो?" जहांआरा चाची म्हणायच्या. "उसमें तो बकरी चुराते पकडे गए जैसे दिखते."

चाचींनी हट्टच धरला. रोलमधला शेवटचा फोटो चाचांचा. काढणार मी.

चाचा स्टुलावर बसले. टोपी नीट केली. लाल दिवा लुकलुकला. मी फ्लॅश चालू केला.

"शिट्टी झाली का?" चाचांनी मला विचारलं.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "हुई ना! तीन हुई! दाल गल गई!"

चाचा हसले. दात नसलेलं, पूर्ण हसू. मी ते कधी पाहिलं नव्हतं. ते जाईल म्हणून मी बटण दाबलं.

फ्लॅश जेमतेम मिणमिणला.

"हा तर काजवा निघाला," चाचा म्हणाले. माझा चेहरा पाहून म्हणाले, "रडू नको. रोल धुताना वेळ वाढवतो. चेहरा निघंल."

त्यांनी रोल गुंडाळून डबीत ठेवला. डबीला चिठ्ठी चिकटवली. "जुम्म्याला नमाजनंतर धुतो," म्हणाले.

गुरुवारी सकाळी ते त्याच स्टुलावर बसल्या बसल्या गेले. बशीतला चहा तसाच होता.

चाची इद्दतीत आहेत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मी रोज जाते. त्या रोज विचारतात, "निकला क्या फोटू?" त्या दिवशी मी कुठल्या शिट्टीवर बटण दाबलं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

डबी घेऊन शहरातल्या एका लॅबवाल्याकडं गेले. अजून रोल धुणारा तो एकटाच उरलाय. सगळं ऐकून तो म्हणाला, "नेहमीसारखा धुतला तर काळोखच येईल. जास्त वेळ धुतला तर उरलंसुरलंही जाईल. परत धुता येत नाही. किती मिनिटं वाढवू?"

मला चाचांनी बटण शिकवलं होतं. धुणं पुढच्या महिन्यात शिकवणार होते.

मी डबी परत आणली. चिठ्ठीवर चाचांचं तिरकं अक्षर आहे. "माझा फोटो. रूपाने काढला. वेळ वाढवणे." त्याच्यापुढं एक रेघ मारलीय. रेघेपुढं "मिनिटं" लिहिलंय.

रेघेवर आकडा लिहायचा राहिलाय.