टोपीमागचा कोपरा

"तू इथे काय करतोयस? पाहुणे आलेत. मागच्या दाराने जा. आणि जाताना भिंतीला हात लावू नकोस, तुझे हात बघ कसे आहेत."

इंजिनिअर साहेब मराठीत बोलले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. मला कळावं. माझ्या हातांवर पांढरा जिप्सम होता आणि त्याच जिप्समचं छत माझ्या डोक्यावर होतं. सात महिने मान मोडून मी केलेलं. त्या छताखाली पंचवीस पाहुणे माना वर करून उभे होते आणि मला सांगितलं गेलं, मागच्या दाराने जा.

ही दम्मामची गोष्ट. घर माझ्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, तिथे राहायचा परवाना, होता त्याचं. त्याला नव्या बंगल्याच्या दिवाणखान्याला युरोपातल्या राजवाड्यासारखं छत हवं होतं. वेली, पानं, मधे मोठं गोल, चारी कोपऱ्यांत फुलांचे झुबके. कफील मला "मुअल्लिम" म्हणायचा. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. इकाम्यावर मात्र पेशा होता "आमिल". आमिल म्हणजे मजूर. पाट्या उचलणारा.

सुरुवातीला कफीलने साहेबांना सांगितलं होतं, माझ्यासमोर, "त्या राजवाड्यात जा, छत डोळ्यांनी बघून ये. मुअल्लिमलाही घेऊन जा."

मला त्या रात्री झोप आली नाही. मी नववी शिकलेला माणूस. रायगडकडच्या एका गावाच्या बाहेर, नदीच्या अंगाला आमची वस्ती. माझा बाप गिलावा करायचा. गावच्या देवळाचे खांब त्याने घोटले, काचेसारखे केले, आणि कळस चढला त्या दिवशी त्याला प्रसाद पायरीखाली दिला. बापाने तो खाल्ला. त्याचा मुलगा आता राजाचं छत बघायला निघाला होता.

माझ्या खोलीत हसनभाई राहायचे. श्रीवर्धनचे सुतार, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी आपला इस्त्रीचा शर्ट मला दिला. तो घालून मी व्हिसाचे फोटो काढून आलो. सहा प्रती. पांढऱ्या पाकिटात घालून साहेबांना दिल्या.

तीन आठवड्यांनी साहेबांनी पाकीट परत केलं.

"हे बघ, तुझ्या इकाम्यावर आमिल लिहिलंय. मजुराला कोण व्हिसा देतो? उगाच वेळ वाया."

मी पाकीट उघडलं. सहाच्या सहा फोटो आत. अर्ज भरलाच नव्हता. माझ्या जागी मॅडम गेल्या, साहेबांची बायको.

मी जळलो. सांगायला मला लाज वाटत नाही. लोक म्हणतात दुसऱ्याचं चांगलं बघून जळू नये. हे दुसऱ्याचं नव्हतं. ते दोघं तिकडे गेले ते पंधरा दिवस मी जेवणाच्या ताटावर बसून हिशोब लावायचो, आता ते राजवाड्यात शिरले असतील, आता बागेत असतील, आता वर बघत असतील.

"जल तू," हसनभाई म्हणाले. "जलायला कोन नको बोलतंय? पन कामावर राग काडू नको. काम तुजं आहे."

साहेब आले आणि दोन दिवसांनी मला घरी बोलावलं, फोटो दाखवायला. त्यांच्या घरी मी यापूर्वीही गेलो होतो. पहिल्या भेटीतच त्यांनी आडनाव विचारलं होतं, मग गाव विचारलं, मग गावात नेमकं कुठे ते विचारलं. त्यानंतर त्या घरात सगळ्यांना चहा कपबशीत आणि मला कागदी कपात. दम्मामला येऊनही कपबशी बाटते.

कागदी कप हातात घेऊन मी फोटो बघितले. चारशेच्या वर असतील. कारंज्यापुढे साहेब आणि मॅडम. पुतळ्यापुढे मॅडम. काचेच्या दालनात दोघं. भिंतभर चित्र, त्याच्यापुढे साहेबांचं पोट. बागेत कापून गोल केलेली झाडं आणि त्यांच्यापुढे आइस्क्रीम. आणि डोक्यावर सगळीकडे मॅडमची टोपी. रुंद, पेंढ्याची, जांभळ्या फितीची.

छताचे फोटो अकरा निघाले. अकरात मला हवं होतं ते बहुतेक सापडलं. वेल कशी वळते, पानाचा कणा किती उंच, गोलाभोवती मणी किती. एक गोष्ट सापडली नाही. कोपऱ्यातला झुबका. तो एकाच फोटोत होता आणि त्याच्यासमोर टोपी होती.

"साहेब, या टोपीमागे काय आहे?"

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मॅडमकडे बघितलं. मॅडमनी साहेबांकडे बघितलं.

"पानंच असतील रे. काहीतरी भर."

काहीतरी भर! हा माणूस त्या छताखाली उभा राहून आला होता. आयत्या बिळावर नागोबा. बिळात काय आहे तेही बघितलं नाही त्याने.

मी फोटोवरून पत्र्याचे साचे कापले. जिप्सम भिजवायचा म्हणजे घाई. दहा-बारा मिनिटांत तो धरतो, मग ऐकत नाही. मागे काथ्या द्यायचा, साच्यातून काढायचं, वर चढवायचं, सांधे भरायचे. भुकटी डोळ्यांत जाते. संध्याकाळी मान खाली होत नाही. वेली झाल्या, मणी झाले, गोल झालं. फोटोत होतं तसं.

राहिले चार कोपरे. मी आठवडाभर रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. राजाच्या कोपऱ्यात काय असेल? मला काय माहीत. मी कुठे गेलो होतो. जे माहीत होतं ते केलं. फणसाची पानं केली, जाड, ठसठशीत शिरांची. आणि सुरंगी. माझी आई दुसऱ्याच्या बागेत पहाटे सुरंगीची फुलं खुडायची, त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची आणि एस.टी. स्टँडवर विकायची. तिच्या बोटांना तो वास असायचा. सुरंगीच्या कळ्या फांदीला घट्ट चिकटून येतात, तशाच मी काढल्या. काही मिटलेल्या, काही फुटलेल्या. त्या चार कोपऱ्यांना मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तेवढाच वेळ मी कुणावर जळलो नाही.

तर त्या संध्याकाळी पाहुणे आले होते. मी शेवटचा एक सांधा पुसायला थांबलो होतो आणि साहेब म्हणाले, मागच्या दाराने जा.

मी निघालोच होतो. सवय होती. दारापर्यंत पोचलो आणि कफीलचा आवाज ऐकला.

"एश हादा?" हे काय आहे?

त्याचं बोट कोपऱ्याकडे होतं. सगळं छत सोडून त्याला तो कोपरा आवडला होता. पाहुण्यांच्या माना तिकडे वळल्या.

साहेब पुढे झाले. हसले. "ही राणीच्या बागेतली फुलं आहेत. मी स्वतः पाहिली तिथे. म्हणून मुद्दाम घ्यायला लावली."

माझे पाय थांबले.

इतके महिने मला वाटत होतं, त्या माणसाकडे असं काही आहे जे मला कधी मिळणार नाही. त्याने बघितलंय, मी नाही. त्या एका वाक्यात सगळं उघडं पडलं. त्याने काही बघितलंच नव्हतं. मला ते फोटो एकेक करून आठवले. प्रत्येक फोटोत त्याची पाठ राजवाड्याकडे होती. पाठ चित्राकडे, पाठ बागेकडे, पाठ छताकडे. आणि ज्याचे डोळे तिथे लागले असते, त्याचे सहा फोटो पाकिटातून बाहेर निघाले नव्हते.

मी परत फिरलो. दिवाणखान्याच्या मधोमध गेलो. माझी अरबी मोडकी, कामावरची. तरी बोललो.

"हादा मिन बलद माल अना. हादा शुगल माल अना." हे माझ्या गावचं आहे. हे माझं काम आहे.

कफीलने माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. साहेब हसतच म्हणाले, "गरीब माणूस आहे, समजत नाही." कफीलने हात हलवला. खलास. पाहुण्यांना जेवायला घेऊन तो आत गेला. त्याला छत आवडलं होतं, भांडणात रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. तेव्हा सगळीकडे सौदीकरणाची गडबड होती. कंपन्यांना आपली माणसं घ्यायची सक्ती, ज्यांनी घेतली नाहीत त्या लाल यादीत. आमची, म्हणजे कफीलची कंपनी, लाल यादीत होती. परदेशी माणसांचे पेशे तपासून दुरुस्त करायचे, नाहीतर माणूस परत पाठवायचा. तो कागद साहेबांच्या टेबलावर होता. माझ्या नावासमोरची जागा कोरी.

"बस," साहेब म्हणाले. खुर्चीवर बस असं ते मला पहिल्यांदा म्हणाले. "कफीलच्या भावालाही असंच छत हवंय. तेच कोपरे. तू जाऊन कफीलला सांग की काल चुकून बोललो, डिझाइन साहेबांचं आहे. मी इथे आमिल खोडून जिप्सम कारागीर लिहितो. आजच."

मला कळत होतं ते काय देतायत. आमिलला बायको-मुलं आणता येत नाहीत. कारागिराला निदान अर्ज करता येतो. एका सुट्टीनंतर जन्मलेली माझी मुलगी सहा वर्षांची होती आणि फोनवरच्या आवाजाला बाबा म्हणायची. आमिलला व्हिसा मिळत नाही, कारागिराला मिळू शकतो. राजवाडासुद्धा त्या एका ओळीत होता.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आमिल जास्त झालेत म्हणून यादीत तुझं नाव पहिलं."

मी खोलीवर येऊन हसनभाईंना सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली.

"बायकोला इचारलंस?"

मी फोन लावला. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सुरंगी आत्यांची आहे. ती त्या माणसाला देऊ नका."

आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई. ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

सकाळी मी ऑफिसात गेलो. बसलो नाही.

"साहेब, कोपरा माझा आहे. मी सांगणार नाही. आणि दुसरं छतही करणार नाही."

"डोकं फिरलंय तुझं. घरी जाऊन काय करशील? गावचे गिलावे?"

"करीन."

"तुम्हा लोकांना वर काढायला जावं तर—"

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला, ते दोघांनाही माहीत होतं.

आठवड्याभरात कायमचं परत पाठवायचे कागद आले. कंपनीचा कागदपत्रांचा माणूस ते घेऊन कॅम्पवर आला आणि त्याने शाईची पेटी माझ्यापुढे सरकवली. आमिल म्हणजे अंगठा. आठ वर्षं मी प्रत्येक कागदावर अंगठाच दिला होता. मला लिहिता येत होतं, पण कुणी पेन पुढे केलं नव्हतं आणि मी मागितलं नव्हतं.

मी पेटी मागे सारली.

"कलम," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे धरून ठेवला. शेवटी त्याने खिशातलं पेन काढून दिलं. मी नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. पूर्ण, देवनागरीत. त्याच्याखाली लिहिलं, जिप्सम कारागीर. त्या कागदावर त्याला काही किंमत नव्हती, हे मला कळत होतं.

आता गावी गिलावे करतो. साहेब म्हणाले होते तेच. मुलगी मला चेहऱ्याने ओळखते. कफीलच्या भावाचं छत कुणीतरी दुसऱ्याने केलं असेल, माझे कोपरे बघून. त्याचा राग येतो. आणि मी अजून जळतो. कुणी युरोपातून आलं की फोटो मागून घेतो आणि माणसांच्या डोक्यांमागे काय आहे ते बघत बसतो. हे जळणं मी विझू देणार नाही.

पासपोर्ट आता माझ्या घरात आहे. आठ वर्षं दुसऱ्याच्या कपाटात होता. आता जे काम करतो, त्याच्या कोपऱ्यात ओल्या गिलाव्यावर आधी माझं नाव कोरतो. मालकाला चालत नसेल तर तिथेच थापी खाली ठेवतो. आतापर्यंत दोनदा ठेवली.

आणि त्या राजवाड्यात मी जाणार आहे. पुढच्या दाराने. तिकडे पाठ करून फोटो काढणार नाही. कोपऱ्याखाली उभा राहून मान वर करणार आणि त्या टोपीमागे काय होतं, ते माझ्या डोळ्यांनी बघणार.